गंगेतला डॉल्फिन आणि सिंहगडावरची टारजिओनिया

श्रोतेहो, नमस्कार. दोन-तीन चांगले पाऊस झाले की सिंहगडाच्या पायवाटेवर एकदा तरी खाली बसा. मागचे लोक ओलांडून जातील, जाऊ द्या. कातळाच्या सावलीत, मातीला घट्ट चिकटलेल्या, बोटाच्या पेराहूनही लहान अशा हिरव्या फिती दिसतील. ही टारजिओनिया हायपोफायला, मॉसच्या नात्यातल्या यकृतका (लिव्हरवर्ट) गटातली वनस्पती. हिला मुळं नाहीत, फुलं नाहीत. मे महिन्यात याच जागी काळ्या दोऱ्याचे तुकडे पडलेत असं वाटलं असतं. कडा आत वळवून, पोटाकडचे जांभळट-काळे खवले वर करून ती उन्हाळा काढते आणि पाणी मिळालं की उलगडते. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवूनही ते उलगडणं बघायला मी दर जूनमध्ये जातो.

आज हिच्याशेजारी मला गंगेतला डॉल्फिन ठेवायचाय. एवढीशी ही, आणि तो सात-आठ फुटांचा! पण दोघांच्या घराण्यांचा प्रवास बघा. जमिनीवरच्या वनस्पतींचे पूर्वज सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी पाण्यातून वर आले. डॉल्फिनचे पूर्वज चार पायांवर चालणारे. ते सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी पाण्यात शिरले. त्यांचे जीवाश्म आपल्याच उपखंडात सापडलेत.

गंगेच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून या डॉल्फिनच्या डोळ्यात भिंगच उरलं नाही. तो टकटक आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकून मासा शोधतो, पुष्कळदा कुशीवर पोहत. इतकं सगळं बदललं, पण कल्ले काही आले नाहीत. मिनिटा-दोन मिनिटांनी वर यावंच लागतं. त्या उच्छ्वासाच्या आवाजावरूनच तिकडचे लोक त्याला ‘सूंस’ म्हणतात. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर जन्मभर पाण्यात राहिलेला हा जीव पाण्यातच गुदमरतो. मला हे फार लागतं.

टारजिओनियाचंही तसंच. जमिनीवर आली, सुकून पुन्हा जगायलाही शिकली. पण तिच्या दोन शेपट्यांच्या नरपेशी अंड्यापर्यंत पोहतच जातात. पाण्याचा पातळ पापुद्रा पुरतो, पण तो हवाच.

डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार देशातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन आहेत. बियास नदीतले ३ सिंधू डॉल्फिन वगळता सगळे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतले. टारजिओनिया कोण मोजणार? माझ्या ओळखीची एक जागा गेल्या वर्षी वाट रुंद करताना खरवडली गेली. तिथून चार हातांवर, वळणाच्या आतल्या बाजूला, एक ओला कातळ अजून तसाच आहे. पाऊस लागला की आधी तिथे जाणार आहे.