हेलियमलाही ओढ असते

श्रोतेहो, नमस्कार. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबून बघा. हवा असती तर दबली असती, पाणी हटत नाही. त्याचे रेणू आधीच एकमेकांना खेटलेले असतात. आणखी रेटलं की प्रतिकर्षण सुरू होतं. पण तेच पाणी थेंब होऊन लटकतं, ते आकर्षणामुळे. थोडं अंतर असलं की ओढ, फारच जवळ गेलं की धक्का. पुन्हा सांगतो: थोड्या अंतरावर ओढ, फार जवळ धक्का.

वायूंच्या रेणूंनाही ही ओढ असते, असं व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ साली आपल्या डच प्रबंधात मांडलं. सुताराचा मुलगा, पेशाने शाळामास्तर. लॅटिन-ग्रीक येत नाही म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा त्यांना बंद होत्या. नियम सैल झाले, तेव्हा कुठे वाट मिळाली. भाषेच्या अटीवर कुणाला विज्ञानापासून अडवणं हा अन्यायच, असं माझं ठाम मत आहे.

तर, ओढ असेल तर पुरेसा गार केल्यावर प्रत्येक वायूचा द्रव व्हायलाच हवा. सगळे झाले, हेलियम तेवढा राहिला. नेदरलँड्समधल्या लायडनला भौतिकशास्त्रज्ञ कामर्लिंग ओनेस यांनी व्हॅन डर वाल्स यांच्याच सिद्धांतावरून किती थंडी लागेल याचा अंदाज बांधला. १० जुलै १९०८. पहाटेच काम सुरू झालं. द्रव हायड्रोजनने हेलियम गार करत करत संध्याकाळ झाली. हायड्रोजनची शेवटची बाटली जोडली, तरी भांड्यात काही दिसेना. तापमापी मात्र एका जागी थबकलेली. बघायला आलेले प्राध्यापक श्राइनमाकर्स म्हणाले, तापमापी द्रवात बुडाल्यासारखी वागते आहे, खालून उजेड टाकून बघा. उजेड टाकला आणि द्रवाची कड लख्ख दिसली! भांडं जवळजवळ भरलेलं होतं. द्रव हेलियम प्रकाशाला इतका कमी वाकवतो की समोर असून कळत नव्हता. तापमान, उणे २६९ अंश सेल्सियस. हा प्रसंग कितीही वेळा सांगितला तरी मला अंगावर काटा येतो.

ही ओढ येते कुठून, हे १९३० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी उलगडलं. अणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, शेजारच्या अणूतलेही त्यांच्या प्रभावाने झुकतात आणि दोघे एकमेकांकडे खेचले जातात. हेलियमकडे इलेक्ट्रॉन दोनच, तेही केंद्रकाने घट्ट धरलेले. त्यामुळे ओढ अगदी क्षीण. त्यात अंतर दुप्पट झालं की या आकर्षणाची ऊर्जा चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. म्हणून ही ओढ अणूंना धरून ठेवू शकेल, इतकं त्यांना आधी गार करून संथ करावं लागलं.