विसळायचं राहून गेलं

नमस्कार श्रोतेहो.

कुणाची अँजिओग्राफी झाली की आपल्याकडे फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "ब्लॉकेज किती टक्के?" दहावीचा निकाल विचारावा तसा! जणू रक्तवाहिनी म्हणजे मोरीचा पाइप, तुंबला की घाला तार. पण पाइपाला आतून जिवंत अस्तर नसतं, रक्तवाहिनीला असतं. पेशींचा एक थर. एकच. डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात, आपण अस्तर म्हणू. आज बोलायचंय ते या अस्तराबद्दल आणि त्याला छळणाऱ्या, रक्तातून वाहणाऱ्या चुऱ्याबद्दल.

चुरा हा शब्द माझा. 1967 साली पीटर वुल्फ या संशोधकाने त्याला 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं होतं. प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, खुद्द अस्तराच्या पेशी डिवचल्या गेल्या किंवा मरायला टेकल्या, की त्यांच्या पापुद्र्याचे बारीक फुगे सुटतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. धडधाकट माणसाच्या रक्तातही ते असतात, हार्ट अटॅकमध्ये वाढतात.

आता मला आवडणारी गोष्ट. अमेरिकेतलं ब्रुकलिन, 1978 चा मे महिना. रॉबर्ट फर्चगॉट नावाचे प्राध्यापक सशाच्या महाधमनीवर, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीवर, काम करत होते. पंचवीसएक वर्षं त्यांचा अनुभव एकच: महाधमनीची पट्टी द्रावणात टांगायची, असिटिलकोलीन, म्हणजे शरीरातलंच एक निरोप्या रसायन, घातलं की ती आखडते. कोडं असं, की जिवंत प्राण्यात तेच असिटिलकोलीन रक्तवाहिन्या सैल करतं!

त्या दिवशी पट्टीऐवजी महाधमनीच्या कड्या कापल्या होत्या, बांगडीसारख्या. सहायकाला सांगितलेलं साधंच होतं. आधी एका औषधाने कडी आखडवायची. मग ते औषध धुऊन काढायचं. मग असिटिलकोलीनचं भावंड असलेलं दुसरं औषध घालायचं. सहायक मधलं विसळायचंच विसरला. आखडलेल्या कडीवर त्याने थेट दुसरं औषध ओतलं, आणि कडी चक्क सैल पडली.

आपल्या कॉलेजात काय झालं असतं? शेजारच्याच्या जर्नलमधून 'बरोबर' रीडिंग उतरवलं असतं आणि सरांनी लाल शाईने सही ठोकली असती. प्रॅक्टिकलचे मार्क बंद करावेत या मताचा मी आहे, पण ते असो.

फर्चगॉट यांनी सहायकाची चूक धरून ठेवली. पट्टी आखडते, कडी सैल होते, असं का? उत्तर निघालं कापण्याच्या पद्धतीत. पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जायची. नॉनस्टिक तव्यावर तारेची घासणी फिरवा, कोटिंग गेलंच. तसं अस्तर जात होतं! मग त्यांनी मुद्दाम कडीचं अस्तर घासलं. सैल होणं बंद. घासलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी चिकटवली, सँडविचसारखी. घासलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तर काहीतरी सोडतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सांगतं, ढिला हो. 1980 साली हे छापून आलं. पुढे कळलं की ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक वायू. 1998 चं नोबेल फर्चगॉट आणि आणखी दोघांना मिळालं ते यावरच. घरातले आजोबा छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात ना, त्यातूनही शेवटी हेच मिळतं.

चुऱ्याचं राहिलंच की! 2001 साली पॅरिसमध्ये शांताल बुलांजे आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या रक्तातले या चुऱ्याचे कण वेगळे केले आणि उंदरांच्या महाधमनीच्या कड्यांबरोबर ठेवले. अस्तर जागेवर होतं, घासलेलं नव्हतं. मग फर्चगॉट यांचीच परीक्षा, असिटिलकोलीन. कड्या नीट सैल होईनात. ज्या रुग्णांच्या हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडलेला नव्हता, त्यांच्या कणांनी असं केलं नाही. पुन्हा सांगतो: अस्तर होतं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमही पूर्वीइतकंच होतं. तरी 'ढिला हो' हा निरोप स्नायूपर्यंत पोचत नव्हता. कणांनी मध्येच खोडा घातला होता.

आणि त्या कड्यांची अँजिओग्राफी काढली असती, श्रोतेहो, तर ब्लॉकेज आलं असतं शून्य टक्के.

नमस्कार.