स्पीच थेरपिस्ट व्हायचंय? मग घरची बोली नीट ऐका
(रत्नागिरीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कडू आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. तुमच्यातले बरेच जण मानसशास्त्र किंवा मराठी घेऊन बीए करताहेत. अमेरिकेत अशा पदवीधराला काही पूरक विषय करून थेट या शाखेच्या मास्टर्सला जाता येतं. आपल्याकडे तसं नाही. इथे मुळापासून, म्हणजे बीएएसएलपी या श्रवण आणि वाक्-भाषा शास्त्रातल्या पदवीपासून सुरुवात करावी लागते. बारावी विज्ञाननंतरचा हा चार वर्षांचा कोर्स आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. महाराष्ट्रात बहुतेक प्रवेश 'नीट' या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचं महाविद्यालय, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि राज्याबाहेर मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही माहितीतली नावं. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे आठवडाभराचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेऊन पाटी लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. बारावी कला शाखेतून झालेल्यांना पदवीनंतर कर्णबधिरांसाठीचं विशेष बीएड करता येतं. ते शिक्षकाचं काम, थेरपिस्टचं नव्हे. पण मुलं पुष्कळदा तीच असतात.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते. तयारी म्हटलं की मुलं पुस्तकं विचारतात. मी म्हणते, आधी आजूबाजूचं बोलणं ऐका. अलिबागकडचं आगरी घरातलं पोर 'पाणी'ला 'पानी', 'डोळा'ला 'डोला' आणि 'घोडा'ला 'घोरा' म्हणतं. शाळेतल्या बाई त्याला उच्चारदोष म्हणून पाठवतात. थेरपिस्टला बोली ठाऊक नसेल, तर तोही चाचणीचा कागद पुढे ओढून सगळ्यावर फुल्या मारेल. पोराच्या आजीशी दोन मिनिटं बोललात की कळतं, आजीही 'डोला'च म्हणते. हा दोष नव्हे, बोली आहे. पण तेच पोर 'काका'ला 'ताता' म्हणत असेल तर? आजी तसं म्हणत नाही. आता पोराचं वय विचारायचं आणि श्रवणचाचणी करून घ्यायची. हा फरक करता येणं हे या कामातलं अर्धं कौशल्य आहे, आणि कोकणात वाढलेल्या मुलाला ते मुंबईच्या मुलापेक्षा लवकर जमायला हवं.

इथल्या घरात भाषा एक नसते. रत्नागिरीत मुस्लिम घरात कोकणी आणि शाळेत उर्दू, मालवणात घरी मालवणी आणि शाळेत पुस्तकी मराठी. मूल उशिरा बोलायला लागलं की शिकलेली माणसंसुद्धा सल्ला देतात: घरात एकच भाषा बोला. याला आधार नाही. दोन भाषांमुळे भाषाविकास अडत नाही. 'आमचो झील अजून बोलाक लागलो नाय' म्हणत आलेल्या आईला तिची मालवणी बंद करायला लावलीत, तर ती पोराशी बोलायचीच थांबेल.

म्हणून आत्ताच एक करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं त्यांना विचारून रेकॉर्ड करा आणि कानाला येतं तसंच लिहून काढा, शुद्धलेखन बाजूला ठेवून. लवकरच देवनागरी अपुरी पडेल. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च एकाच अक्षरात लिहावे लागतील. मग आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी कशाला लागते ते कुणी शिकवायची गरज उरणार नाही.

दुसरी गोष्ट, हे काम फक्त लहान मुलांचं नाही. अर्धांगवायूनंतर पुष्कळदा माणसाला समजतं, पण शब्द सापडत नाही. त्याला अफेजिया म्हणतात. घरचे समजतात डोक्यावर परिणाम झाला, आणि त्याच्या देखतच त्याच्याबद्दल बोलतात. गिळण्याच्या अडचणीही आपल्याच कक्षेत येतात. पाणी पिताना ठसका लागणं, नंतर आवाज घोगरा, ओलसर येणं या खुणा. अशा रुग्णाला आपल्याकडे मायेने पेज देतात. पण पेजेत पातळ पाणी आणि शितं एकत्र असतात, आणि गिळायला त्रास असलेल्याला असं मिश्रण बहुतेकदा जास्त अवघड जातं. पाणी आधी घशाकडे धावतं, शितं मागे राहतात. तीच पेज घोटून एकसारखी दाट केली की अनेकांना सोपी जाते. किती दाट, ते तपासून ठरवायचं. पुस्तकात दाटपणाच्या शून्य ते सात पातळ्या असतात. त्या चुलीवरच्या पातेल्यात कशा ओळखायच्या, ते तुम्हीच दाखवू शकाल.

कामाची जागा बघायची असेल तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) आणि कर्णबधिर मुलांची शाळा, दोन्हीकडे परवानगी मागून एक दिवस नुसतं बसा. मुलापेक्षा आईकडे लक्ष द्या. राजापूरच्या आतल्या गावातून येणाऱ्या बाईचा त्यात पूर्ण दिवस आणि मजुरी जाते; पावसाळ्यात तर ती येतच नाही. थेरपी आठवड्यातून एकदा टेबलावर होत नाही. ती तिला घरी, भाकरी थापता थापता करता आली पाहिजे. तसं तिला शिकवणं आपल्याला जमेल का, ते तिथे बसून पाहा.

पगाराबद्दल विचारणारी चिठ्ठी आली आहे, येणारच होती! सरकारी केंद्रांतली पदं बहुतांशी कंत्राटी असतात. मोठ्या शहरात कमाई लवकर सुरू होते. इकडे स्वतःचं क्लिनिक काढलंत तर पहिली काही वर्षं घरच्यांना धीर धरावा लागेल, तेव्हा ते घरी आधीच बोलून घ्या. बाकीचे प्रश्न विचारा आता, मी थांबले आहे.