श्रावणी सोमवार आणि शुगरची गोळी

[दृश्य: त्र्यंबकेश्वर, कुशावर्त. पहाटेचा अंधार, रिमझिम.]

श्रावणातला तिसरा सोमवार. नाशिकहून एसटीच्या गाड्या रात्रभर भरभरून येताहेत. कुशावर्तावर स्नान करायचं आणि ब्रह्मगिरीच्या फेरीला लागायचं. सुमारे 20 किलोमीटरची चाल, पायाखाली चिखल आणि बहुतेकांना उपवास.

या गर्दीत मधुमेहीही पुष्कळ. निघताना त्यांनी शुगरची गोळी न चुकता घेतलेली असते. ‘उपवास कर, पण गोळी चुकवू नकोस,’ असं घरच्यांनीच बजावलेलं. घोळ होतो तो इथे.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात काही गेलंय की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचंही तेच. त्यात चढ चढताना पाय रक्तातली साखर ओढून घेतात. मग साखर फार खाली जाते. नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे शुगरच्या दुसऱ्या एका गोळीवर, असणाऱ्याला हा धोका फारच कमी.

[दृश्य, जवळून: ग्लुकोमीटरवर आकडा, 52.]

साठीचे अप्पा वाटेकडेच्या दगडावर टेकलेत. गार वाऱ्यातही कपाळ घामाने डबडबलंय. बाटलीचं झाकण फिरवता फिरवत नाही. मुलगा विचारतो, ‘अप्पा, काय होतंय?’ अप्पा त्याच्यावरच खेकसतात. कुणी म्हणतं पित्त झालं, कुणी ‘प्यायलाय’ म्हणून पुढे जातं. साखर 70 च्या खाली गेली की ती कमीच. 54 च्या खाली मेंदूचा कारभार बिघडायला लागतो. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल, तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही. घाम मात्र फुटतो.

अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची. पेढा किंवा साबुदाणा वडा नंतर; तूप-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. गोळीत व्होग्लिबोज, म्हणजे साखरेचं पचन लांबवणारं औषध, असेल तर घरची साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजची पावडरच हवी. ती पुडी खिशात असावी, मागे राहिलेल्या पिशवीत नव्हे. ग्लुकोजने उपवास मोडतो का, असं विचारणारे भेटतात. मोडला तर मोडला!

उपवासाच्या दिवशी गोळी अर्धी करायची, टाळायची की संध्याकाळी घ्यायची, हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारायचं. साखर फार खाली ओढणंही बरं नव्हे. तिच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, एचबीएवनसी, पुष्कळांसाठी 7 टक्क्यांच्या आत ठेवतात. पण वय झालेल्या, मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला 8 पर्यंतही चालवून घेतात. अमेरिका-कॅनडातल्या मधुमेहींवरच्या अकॉर्ड नावाच्या अभ्यासात तो 6 च्या खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले, म्हणून 2008 मध्ये तो भाग थांबवावा लागला.

[दृश्य: रुग्णवाहिका, वळणाचा रस्ता.]

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. घास श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. वाटेत शुद्धीवर येऊन ‘आता बरंय, घरी चला’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.