पृथ्वी आणि चंद्र सूर्याकडे सारखेच पडतात का?

नमस्कार मंडळी! चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. १९७१, अपोलो १५, डेव्हिड स्कॉट. दोन्ही बरोबरच खाली पडले. पण त्याच मोहिमेत तिथे ३०० छोट्या प्रिझमचा एक परावर्तक, म्हणजे आलेला प्रकाश आल्या दिशेलाच परत पाठवणारी पाटी, ठेवला गेला. मला तर तोच मोठा प्रयोग वाटतो, कारण त्यात पडणाऱ्या वस्तू आहेत खुद्द पृथ्वी आणि चंद्र.

पडतात कुठे? सूर्याकडे! कक्षेत फिरणं म्हणजे सतत पडत राहणंच.

आता नीट ऐका. ऊर्जेलाही वस्तुमान असतं. पृथ्वी स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहे आणि या बंधनामुळे तिचं वस्तुमान सुमारे दोन अब्जांत एक भाग कमी भरतं. चंद्राच्या बाबतीत ही घट फारच थोडी. मग ही गुरुत्वाकर्षणाची ऊर्जासुद्धा दगड-लोखंडासारखीच पडते का? आइनस्टाइनचा सिद्धांत म्हणतो, हो. १९६८मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केनेथ नॉर्टवेट यांनी दाखवलं की तसं नसेल, तर चंद्राची कक्षा सूर्याच्या रेषेत सरकलेली दिसेल. ही ऊर्जा जडत्वात धरली आणि सूर्याच्या ओढीत धरलीच नाही, तर ही सरक येते सुमारे १३ मीटर. अमावस्या आणि पौर्णिमेची अंतरं मग गणिताशी जुळणार नाहीत.

३,८४,००० किलोमीटरमध्ये हे १३ मीटर शोधायचे! अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेची साडेतीन मीटरची दुर्बीण त्या परावर्तकांकडे लेझर सोडते. चंद्रावर पोचेपर्यंत झोत दोनेक किलोमीटर पसरतो. अडीच सेकंदांनी हाती लागतात अगदी मोजके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, तरी त्यांच्या वेळा जुळवून अंतर मिलिमीटरपर्यंत काढतात. अडचण येते नेमकी अमावस्या-पौर्णिमेलाच: एकदा सूर्य शेजारी, एकदा चंद्राचाच लखलखाट. फ्रान्समध्ये ग्रासजवळ २०१५पासून इन्फ्रारेड लेझर वापरतात, त्यामुळे या तिथींची मोजमापंही वाढली.

ते १३ मीटर सापडले नाहीत. दोघांच्या त्वरणात दहा लाख कोटींत एखाद्या भागाइतकाही फरक दिसत नाही.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा मोठा गाभा, चंद्र बहुतेक खडक. पदार्थामुळे पडणारा फरक आणि ऊर्जेमुळे पडणारा फरक एकमेकांना खोडत असतील तर? म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी पृथ्वीच्या गाभ्यासारख्या आणि चंद्राच्या खडकासारख्या पदार्थांचे छोटे नमुने बारीक तारेला टांगले आणि त्यांच्यावरची सूर्याची ओढ ताडून पाहिली. तिथेही फरक नाही!

मोजणी थांबलेली नाही. मार्च २०२५मध्ये ब्लू घोस्ट यानाने चंद्रावर नवा परावर्तक नेला. जुन्या पाट्यांवर अनेक प्रिझम असल्याने पाटी जरा तिरकी दिसली की परतणारा झोत वेळेत लांबतो आणि अंतर तितकं नेमकं निघत नाही. नव्यात एकच मोठं प्रिझम आहे.