कानाला न कळणारी गडबड

(दृश्य: डोंगरमाथ्यावरचा टॉवर, त्यावर दाटीने बसवलेले अँटेना)

डोंगरावरच्या हॅम रिपीटरला, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा सिग्नल ऐकून तो लगेच जोरात पुन्हा सोडणाऱ्या यंत्राला, शेजार फार. पण पहिला त्रास त्याचा स्वतःचाच. 145.600 मेगाहर्ट्झवर 25 वॅट सोडायचे आणि त्याच अँटेनावर, जेमतेम 600 किलोहर्ट्झ खाली, 145.000 वर पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकायचा. या दोहोंत 163 डेसिबलचा फरक आहे. तो पेलायचा डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर पाठवणं-ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) कॅव्हिटींनी, म्हणजे त्यातल्या ट्यून केलेल्या डब्यांनी, आणि रिसीव्हरने.

एफएमवर, म्हणजे साध्या अ‍ॅनालॉग आवाजात, यातलं बिघडलेलं सगळं ऐकू येतं. स्विचिंग सप्लायची खरखर वेगळी. दोन स्टेशनं सारख्याच ताकदीने आली तर शिट्टी. एक काही डेसिबलने जोरकस असेल तर तेच ऐकू येतं, दुसरं दबतं. शेजारी 146.200 वर कुणी बोलू लागलं की दोन्ही सिग्नल मिसळून 145.600 ची दुप्पट वजा 146.200, म्हणजे नेमकं आपलं इनपुट 145.000, आणि त्याचा आवाज आपल्या रिपीटरवर. डिसेन्स, म्हणजे स्वतःच्या ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बधिर होणं, असेल तर दुबळं स्टेशन रिपीटर उघडतं, ट्रान्समीटर चालू होताच बुडतं, ट्रान्समीटर बंद झाला की पुन्हा वर येतं. ही फडफड एकदा ऐकली की ओळखायला मीटर लागत नाही.

(दृश्य: डीएमआर हँडसेट, तुटक आवाज)

डीएमआरमध्ये, म्हणजे डिजिटल रेडिओत, आवाजाच्या दर सेकंदाच्या 3600 बिट्सपैकी 1150 चूक दुरुस्तीला जातात. म्हणून हलक्या गडबडीत तो एफएमपेक्षा स्वच्छ वाजतो, हे मान्यच. पण बिट एरर पाच टक्क्यांपलीकडे गेला की शब्द घरंगळतात, मग आवाजच गायब. कारण काहीही असो, ऐकणाऱ्याला एकच कळतं: ‘आज रेंज नाही.’

एफएमवर टोन किंवा डीएमआरवर कलर कोड, म्हणजे आपला सिग्नल ओळखायची खूण, लावला की काम झालं, हा गैरसमज दोन्हीकडे आहे. त्याने नको तो सिग्नल रिपीटर उघडत नाही, एवढंच. रिसीव्हरवर तो पडतोच, आणि दुबळं स्टेशन दबतंच.

(दृश्य: रॅक, सिग्नल जनरेटर)

डीएमआरवर कारण कळत नाही, म्हणून शोध घेताना डीएमआर रिपीटर तात्पुरता एफएमवर आणा. डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टला 30 डेसिबलचा कपलर (जनरेटरचा सिग्नल यातून आत सोडायचा), पुढे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा 50 ओहमचा डमी लोड. जनरेटरपुढे 20 डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) हवाच, नाहीतर रिपीटरची पॉवर जनरेटरमध्ये शिरेल. ट्रान्समीटर बंद ठेवून 12 डेसिबल सिनॅड (खरखरीच्या तुलनेत आवाज किती स्पष्ट, याचं माप) मिळेपर्यंत पातळी लावा. मग ट्रान्समीटर चालू करा. तेवढाच सिनॅड परत मिळवायला जितके डेसिबल वाढवावे लागले, तितका डिसेन्स. एखादा डेसिबल चालतो. सहा निघाले तर दोष खोलीतच आहे: डुप्लेक्सरचं ट्यूनिंग सरकलंय किंवा जोडकेबल गळतेय.

डमी लोडवर शून्य आणि खऱ्या अँटेनावर डिसेन्स, असं असेल तर टॉवरवर चढा. गंजलेला क्लॅम्प, पाणी शिरलेला कनेक्टर हे नेहमीचे. फॉइल आणि जाळी अशी दुपदरी केबल फीडलाइनला (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलला) असेल तर आधी तीच बदला. एकाच वेळी पाठवताना-ऐकताना दोन धातूंच्या त्या घर्षणातून खरखर निर्माण होते. जोडकेबलसाठी आरजी-214, दोन्ही टोकांना एन कनेक्टर.