जखमांसकट उठलेला

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका टाचेच्या हाडापासून सुरुवात करू या. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तर भागात बांधकामाच्या वेळी काही जुन्या कबरी उघड्या पडल्या. त्यांत एक दगडी अस्थिपेटी होती आणि तिच्यावर नाव कोरलेलं होतं, येहोहानान. आत ऐन विशीतल्या एका पुरुषाची हाडं होती. त्याच्या टाचेच्या हाडातून आरपार गेलेला, सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा एक लोखंडी खिळा अजून तिथंच होता. खिळ्याचं टोक वाकलेलं होतं. ठोकताना लाकडातल्या गाठीवर आपटून ते वाकलं असावं, असं संशोधकांचं म्हणणं. त्यामुळे तो निघेना. शेवटी घरच्यांनी खिळ्यासकटच त्याला कबरीत ठेवलं असणार.

येशूच्याच शतकातला हा माणूस. रोमन सत्तेनं अशी हजारो माणसं वधस्तंभावर चढवली. स्पार्टाकस या गुलामाचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. ७१ मध्ये, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेनं सहा हजार गुलाम खिळले गेले. येशूच्या जन्माच्या सुमारास यहुदियात उठाव झाला, तेव्हा वारस नावाच्या रोमन सुभेदारानं दोन हजारांना तीच शिक्षा दिली. एवढं असूनही खिळा ठोकलेली हाडं म्हणाल तर अगदी मोजकी सापडली आहेत. कारण त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला कबरसुद्धा येत नसे. माणूस नुसता मारायचा असता, तर तलवार पुरली असती. वधस्तंभ रहदारीच्या रस्त्यावर उभा राहायचा तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. बघून घ्या, हा कोणी नव्हता, आणि तुम्हीही कोणी नाही.

वधस्तंभावर मारलेला येशू कबरीतून पुन्हा उठला, या पुनरुत्थानाबद्दल बोलताना मला आधी हा रस्ता आठवतो. फुलं, पहाट, रिकामी कबर हे सगळं नंतर.

आपल्याकडं पुनरुत्थान म्हटलं की लोक पटकन म्हणतात, हो हो, आत्मा अमर आहे. पण तेवढंच म्हणायचं असतं, तर कबर रिकामी असण्याचं काही कारण नव्हतं. आत्मा निघून गेला, देह राहिला, गोष्ट संपली. यहुदी लोकांमध्ये ही आशा ठळक झाली ती वेगळ्याच प्रश्नातून. इ.स.पू. दुसऱ्या शतकात अंतियोख राजानं त्यांच्यावर धर्म सोडायची सक्ती केली. ज्यांनी सोडला ते वाचले, ज्यांनी पाळला ते मारले गेले. मग देव न्यायी आहे म्हणायचं ते कोणत्या तोंडानं? मक्काबींचं दुसरं पुस्तक या त्या छळाबद्दलच्या जुन्या यहुदी ग्रंथात सात भावांची कथा आहे. त्यांना आईच्या डोळ्यांदेखत छळून मारतात. तिसऱ्याची पाळी येते तेव्हा तो आपणहून हात पुढं करतो आणि म्हणतो, हे मला स्वर्गातून मिळाले होते, तिथूनच ते मला परत मिळतील. तोडले जाणार आहेत तेच हात. या लोकांना मरणानंतर काय होतं याचं कुतूहल नव्हतं. ज्याला अन्यायानं मारलं त्याचं काय, एवढंच ते विचारत होते.

म्हणून येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या भाषणातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे ते. त्याचा गाभा असा: तुम्ही त्याला मारलंत, पण देवानं त्याला उठवलं. त्या 'पण'मध्ये सगळा ख्रिस्ती विश्वास आहे, असं म्हटलं तरी चालेल. रोमन सुभेदार पिलातानं निकाल दिला, शिक्षा अमलात आली, कबरीवर धोंड बसली, पहारा बसला. आणि मग वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. ज्याला तुम्ही कोणी नाही म्हणालात, तो माझा आहे, असं देव म्हणाला. असा निकाल एकदा फिरला, की रस्त्याच्या कडेला खिळलेल्या त्या बाकीच्या हजारोंचीही फाइल बंद झाली, असं छातीठोकपणे कुणाला म्हणता येत नाही.

आता पुढची गोष्ट बघा. मारलेला माणूस परत येतो, अशा कहाण्या आपण लहानपणापासून ऐकतो. परत येऊन तो काय करतो? सूड घेतो. एकेकाला गाठतो. ऐकणाऱ्यालाही आतून तेच हवं असतं, खोटं कशाला बोला! येशूची कथा सांगणाऱ्या शुभवर्तमानांत तसं काही घडत नाही. उठलेला येशू पिलाताच्या वाड्यावर जात नाही, महायाजक कयफाच्या स्वप्नात येत नाही, खिळे ठोकणाऱ्या शिपायाला शोधत नाही. तो जातो भीतीनं दारं बंद करून बसलेल्या आपल्याच माणसांकडं, जी त्याला सोडून पळाली होती. आणि पहिला शब्द काढतो तो शांतीचा. मग त्यांना जखमी हात दाखवतो, जखमी कूस दाखवतो.

जखमा तशाच आहेत. मृत्यूवर जय मिळवलेल्या देहाला त्या मिटवता आल्या नसत्या का? तरी त्या ठेवल्या आहेत. आठवड्यानं थोमा हा शिष्य येतो, तेव्हा तो येशूला त्याच जखमांवरून ओळखतो. झालं गेलं विसरून जा, असं म्हणणारं हे पुनरुत्थान नाही. जे झालं ते झालं, त्याची खूण अंगावर आहे, आणि तरीही हातात दगड नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, छान आहे. पण हा विश्वास सांगणाऱ्यांनी काय केलं? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढं जाणं मला बरं वाटत नाही. १५ जुलै १०९९ रोजी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती क्रूसयोद्ध्यांनी यरुशलेम जिंकलं. मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली. आणि मग ते गेले कुठं, तर पवित्र कबरीच्या चर्चमध्ये, आनंदाश्रू ढाळत प्रार्थना करायला. त्यांच्याच बाजूच्या इतिहासकारांनी हे अभिमानानं लिहून ठेवलं आहे. रिकाम्या कबरीसमोर, रक्तानं माखलेल्या हातांनी. १९०३ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या किशिनेव शहरात यहुद्यांवर हल्ले झाले, ४९ जण मारले गेले. सुरुवात झाली ती पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरच्या रविवारी. 'तुम्ही त्याला मारलंत' हे पेत्राचं अर्धं वाक्य लोकांनी उचललं आणि शेजाऱ्यांवर फेकलं. बोलणारा पेत्र स्वतः यहुदी होता, आणि येशूला पकडलं त्या रात्री 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणाराही तोच होता, हे सोयीनं विसरले. वाक्य 'पण'पाशी तोडलं की काय होतं, ते इथं दिसतं.

उलट बाजूही आहे. २१ एप्रिल २०१९, पुन्हा ईस्टरचाच रविवार. श्रीलंकेत तीन चर्च आणि काही हॉटेलांमध्ये आत्मघाती स्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली. नेगोम्बोजवळच्या कटुवापिटिया इथल्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये शंभराहून जास्त. छपराची कौलं उडाली होती, बाकं मोडून पडली होती. भिंतीशी पुनरुत्थित ख्रिस्ताचा पुतळा तसाच उभा होता आणि त्याच्या अंगावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. पुतळ्यावर मूर्तिकारानं जखमा कोरलेल्या होत्याच. आता त्यांवर खरं रक्त आलं, उपासनेला आलेल्या माणसांचं. तो पुतळा धुऊन रंगवून टाकला नाही. शिंतोड्यांसकट काचेत जपून ठेवला आहे.

तिथल्या ख्रिस्ती समाजानं नंतर जे केलं, त्यात मला दोन गोष्टी एकत्र दिसतात. कॅथलिक चर्चचे ज्येष्ठ धर्मगुरू कार्डिनल माल्कम रणजित यांनी लोकांना शांत राहण्याची आणि सूड न घेण्याची विनवणी केली. आणि त्याच कार्डिनलांनी पुढं वर्षानुवर्षं सरकारचा पिच्छा पुरवला, की आधीच इशारा मिळालेला असताना हे थांबवलं का नाही, यामागं कोण होतं, सांगा. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं माजी राष्ट्राध्यक्षांना आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना हल्ला रोखण्यात कसूर केल्याबद्दल पीडितांना भरपाई द्यायला सांगितलं. क्षमा हवी तर न्यायाचं नाव काढू नका, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्याच्या अंगावर जखम नाही, तोच हे म्हणण्यात पुढं असतो. दुसऱ्याच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार मला कुणी दिला? ज्या आईचं मूल त्या चर्चमध्ये गेलं, तिनं कधी, कशी आणि क्षमा करायची की नाही, यावर व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. त्यात मीही आलोच.

मार्काचं शुभवर्तमान, त्याच्या सर्वांत जुन्या प्रतींत, फार विचित्र जागी थांबतं. कबरीपाशी गेलेल्या स्त्रिया थरथर कापत पळाल्या आणि त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. बस, एवढंच. नंतर कुणाला तरी हा शेवट अपुरा वाटला आणि पुढच्या ओळी जोडल्या गेल्या. मला मात्र तो तसाच बरा वाटतो. मेलेलं माणूस पुन्हा उठलं, ही बातमी भीती घालवत नाही, आधी ती वाढवते. मारणं हे शेवटचं हत्यार होतं. तेही चाललं नाही, तर आता जग कोणत्या नियमानं चालायचं?

जाता जाता पेत्राकडं पुन्हा येऊ. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो. पहिल्यांदा महायाजकाच्या अंगणात. थंडी होती, पेत्र शेकत उभा होता आणि तिथंच त्यानं येशूला नाकारलं. दुसऱ्यांदा समुद्राच्या काठी, पहाटे. रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेले शिष्य किनाऱ्याला येतात, तर तिथं कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, भाकर असते. या, न्याहारी करा, असं येशू म्हणतो. त्या धुराचा वास पेत्राला ओळखीचा वाटला असेलच. जेवण झाल्यावर येशू त्याला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो. का, ते दोघांनाही माहीत आहे.

आणि मग येशू त्याला सांगतो, की म्हातारपणी तू हात लांब करशील, दुसराच कुणी तुझी कंबर बांधेल आणि तुला नको तिथं घेऊन जाईल. म्हणजे पेत्राच्या वाट्यालाही वधस्तंभाचं तेच लाकूड आहे. उठलेल्या प्रभूबरोबर न्याहारी करूनसुद्धा त्यातून त्याची सुटका नाही. एवढं सांगून झाल्यावर येशू म्हणतो, माझ्यामागं ये. विस्तव अजून विझलेला नसतो. पेत्र उठतो.